कायनेसिऑलॉजी : पदवीचा अभ्यासक्रम आणि आपला चेष्टाविचार



गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात येणारे पालक एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. मुलगा बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झालेला असतो, खेळाची आवड असते, वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळलेली असते. आणि कोणीतरी सुचविलेले असते की कॅनडात किंवा अमेरिकेत 'कायनेसिऑलॉजी'ची पदवी घ्यावी. हे नेमके काय आहे, फिजिओथेरपीच का, व त्यातून पुढे काय होते, असे ते आपणांस विचारतात, कारण शरीराविषयी विचारण्याजोगा विश्वासू मनुष्य म्हणून त्यांना वैद्यच जवळचा वाटतो. प्रस्तुत लेखकानेही आरंभी या प्रश्नाला मोघम उत्तरे दिली. पुढे सख्ख्या भाचीनेच ओंटारिओ प्रांतातील एका विद्यापीठात हा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा तिची पाठ्यपुस्तके चाळण्याचा योग आला आणि आपले अज्ञान ध्यानी आले.

ग्रीक भाषेत 'किनेसिस' म्हणजे गती. १८५७ साली निकोलस डॅली या फ्रेंच लेखकाने 'सिनेसिऑलॉजी' या नावाचा ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामशिक्षणाची संस्था स्थापिली होती. विद्यापीठीय विषय म्हणून मात्र या शास्त्राचे वय फार नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेला विभाग हा या नावाचा जगातील पहिला विभाग मानला जातो. अमेरिकेत शारीरिक शिक्षणाच्या अकादमीने १९८९ साली या ज्ञानशाखेस हेच नाव द्यावे अशी शिफारस केली आणि त्यानंतर पुष्कळ विद्यापीठांतील 'फिजिकल एज्युकेशन' विभागांच्या पाट्या बदलल्या. मराठीत यास काय म्हणावे? 'गतिशास्त्र' हा शब्द पदार्थविज्ञानवाल्यांनी आधीच घेतलेला आहे. चरकाचार्यांनी व्यायामाचे लक्षण सांगताना 'शरीरचेष्टा' हा शब्द योजिला आहे, त्यावरून 'चेष्टाशास्त्र' म्हणावयास हरकत नव्हती. परंतु आजच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा! तेव्हा मूळ नावच ठेवलेले बरे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पदवी सामान्यतः चार वर्षांची. शारीररचना व शारीरक्रिया हा पाया. अनेक ठिकाणी शवविच्छेदन पाहावयास किंवा करावयास मिळते. त्यावर व्यायामक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, हालचालींचे मज्जासंस्थेद्वारा नियंत्रण व ती शिकण्याची प्रक्रिया, आहार, क्रीडामानसशास्त्र, श्रमिकांच्या कामाची शरीराशी सांगड घालणारे एर्गोनॉमिक्स आणि संख्याशास्त्र. या शेवटच्या विषयास मुले फार घाबरतात, असे भाची सांगते.

आपणांस यातील बायोमेकॅनिक्स परके वाटण्याचे कारण नाही. प्रथम वर्षात पदार्थविज्ञान शिकताना उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण व गमन ही पंचविध कर्मे आपण पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. व्यानवायूच्या कर्मांत तीच पुन्हा भेटली. सुश्रुताचार्यांनी संधींचे आठ प्रकार सांगून कोपर व जानु यांस कोर, तर कक्षा व वंक्षण यांस उलूखल म्हटले. म्हणजे संधीची घडण आणि त्यातून संभवणारी हालचाल यांचा संबंध त्यांनी पाहिला होता. मात्र येथे थांबून 'आमच्याकडे सारे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह आवरावा. वर्गीकरण आपल्याकडे होते, मापन नव्हते. आणि या पदवीचा प्राण मापनात आहे.

एक साधे गणित पाहा. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर ५ किलोचे वजन धरले. वजन कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर आहे. दंडाची द्विशिरस्क पेशी मात्र संधीपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर अग्रबाहूस ओढते. अग्रबाहूचे स्वतःचे वजन सोडले तरी ३५ गुणिले ५ भागिले ५, म्हणजे ३५ किलोइतका जोर त्या पेशीस लावावा लागतो. वजन ५ किलोचे, भार सातपट! हाच न्याय कटीस लावला म्हणजे ओणवे होऊन उचललेली बादली पाठीच्या पेशींवर किती भार टाकते, याची कल्पना येते. प्रयोगशाळेत हे सारे जमिनीत बसविलेल्या बलमापक पट्टीने, सांध्यांवर चिकटविलेल्या खुणा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी आणि पेशींतील विद्युत्‌संकेतांच्या आलेखाने मोजतात.

व्यायामाची मात्रा हा दुसरा विषय. अर्धशक्तीने व्यायाम करावा हे आपण रोज सांगतो. रुग्ण विचारतो, 'अर्धी म्हणजे किती?' सुश्रुताचार्यांनी हृदयस्थ वायू मुखाशी येणे हे बलार्धाचे लक्षण सांगितले आहे. कायनेसिऑलॉजीचा विद्यार्थी फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्याच्या तोंडास मुखवटा लावून प्राणवायूचा व्यय मोजतो, आणि त्यास आढळते की श्रम वाढवीत गेल्यास एका मर्यादेनंतर श्वासोच्छ्वास एकदम प्रमाणाबाहेर वाढतो व सलग बोलणे कठीण होते. ही मर्यादा प्रत्येकाची निराळी असते; ती कमाल क्षमतेच्या बरोबर निम्म्यावर येते असे नाही. दोन्ही लक्षणे एकच असे मी म्हणणार नाही. परंतु मधुमेही रुग्णास 'चालताना वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे, गाता येऊ नये' असे सांगितले की त्यास अर्धशक्ती बरीचशी कळते, हा माझा अनुभव आहे. महाराष्ट्रात या दिशेने पाऊल पडले नव्हते असेही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून उड्डियान व नौलीचा अभ्यास क्ष-किरण व दाबमापनाच्या साह्याने केला होता.

एक सावधगिरी

नावसाधर्म्यामुळे होणारा एक घोटाळा येथे स्पष्ट केला पाहिजे. 'अप्लाइड कायनेसिऑलॉजी' या नावाने रुग्णाच्या एका हातात औषधाची बाटली देऊन दुसरा हात दाबून पाहतात आणि तो लवला किंवा ताठ राहिला यावरून औषध 'मानवते' की नाही हे ठरवितात. ही पद्धती जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने १९६४ साली काढली. तिचा विद्यापीठीय पदवीशी काहीही संबंध नाही. तपासणारा व रुग्ण या दोघांनाही बाटलीत काय आहे हे ठाऊक नसताना घेतलेल्या चाचण्यांत ही परीक्षा नाणेफेकीहून सरस ठरलेली नाही. हे मी अधिकाराने नव्हे, तर पश्चात्तापाने लिहितो. दोन दिवसांचे एक शिबिर मीही केले होते, भिंतीवर प्रमाणपत्र लावले होते आणि काही महिने गुग्गुळकल्पांची निवड रुग्णांच्या दंडावरून केली होती. एके दिवशी सहायकास बाटल्यांवरील चिठ्ठ्या झाकावयास सांगून पाहिले. एकाच औषधास एकाच रुग्णाचा हात एकदा लवला, एकदा ताठ राहिला. प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी उतरविले. औषधविक्रेत्या बंधूंकडे अशा शिबिरांची पत्रके येतात, म्हणून हा उल्लेख.

पालकांस काय सांगावे

पहिली गोष्ट, ही चिकित्सेची पदवी नव्हे. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट होण्यासाठी पदवीनंतर सुमारे तीन वर्षांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम, तर कॅनडात दोन वर्षांच्या आसपासचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो. कायनेसिऑलॉजी ही त्याची पूर्वतयारी ठरते. ओंटारिओने २००७ साली कायदा करून २०१३ च्या एप्रिलपासून कायनेसिऑलॉजिस्टांची नोंदणी सुरू केली. परंतु ती त्या प्रांतापुरती. भारतात परतून या पदवीच्या आधारे 'फिजिओथेरपिस्ट' अशी पाटी लावता येणार नाही, त्यासाठी बी.पी.टी.च करावयास हवे, आणि त्यात हा विषय शिकवितातही. नोंदणी व मान्यता यांचे महत्त्व आपल्या व्यवसायात असणाऱ्यास निराळे सांगावयास नको. ज्या मुलास मापनाची, गणिताची व प्रयोगाची आवड आहे त्याने अवश्य जावे. केवळ खेळाची आवड आहे म्हणून जाणारा दुसऱ्या वर्षी बायोमेकॅनिक्सशी अडखळतो.

एका फार्मसीतील अनुभव

शेवटी, ज्या प्रसंगाने हा लेख लिहावयास लावला तो सांगतो. एका फार्मसीत कच्च्या मालाच्या कोठीवर काम करणारा, चाळिशीचा एक कामगार माझा रुग्ण होता. कटिशूलासाठी तो दीड वर्षात तीन वेळा आला. स्नेहन, स्वेदन, कटिबस्ती, एकदा योगबस्तीचा क्रम व त्रयोदशांग गुग्गुळ यांनी प्रत्येक वेळी उपशय मिळाला, प्रत्येक वेळी तो कामावर रुजू झाला आणि पुन्हा आला. निदानपरिवर्जन म्हणून मी 'वजन उचलू नका' असे लिहून देत असे. ज्याची मजुरीच वजन उचलण्याची, त्यास हे पथ्य म्हणजे नोकरी सोडण्याचा सल्ला, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

सुट्टीत आलेली भाची एकदा माझ्याबरोबर त्या फार्मसीत आली. हा कामगार हिरड्याची ४० किलोची पोती जमिनीवरून उचलून, कमरेत वळून काट्यावर ठेवीत होता. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "मामा, याच्या पाठीवर तू इतकं तेल घालतोस, पण हे पोतं जमिनीवर का ठेवलंय?"

घरी आल्यावर तिने गणित मांडले. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली ठरविलेल्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगालगत, सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीवर, धरावयास सोयीचे, न वळता व क्वचितच उचलावयाचे असता, मर्यादा २३ किलोची. ओझे शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर दूर असेल तर ती निम्मी, साडेअकरा किलो. तेच जमिनीवरून उचलावयाचे असेल तर सुमारे ९ किलो. त्यात कमरेची पीळ आली की आणखी कमी. आणि आमचा मनुष्य ४० किलो उचलीत होता!

मालकांकडे विषय काढला तेव्हा ते प्रथम म्हणाले, "वैद्यराज, त्यांना सवय असते." पुढे मात्र त्यांनी ३० इंच उंचीचा लाकडी माचा करून घेतला, काटा त्याच्या शेजारी त्याच उंचीवर आणला आणि अडत्यास माल २० किलोच्या गोण्यांत भरून पाठविण्यास सांगितले. गाडीतून उतरलेली गोणी आता माच्यावरच येते. खर्च एका सुताराच्या दोन दिवसांच्या मजुरीचा व लाकडाचा. त्यास आता चौदा महिने झाले. तो कामगार कटिशूलासाठी आलेला नाही. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे, आणि आधी झालेल्या बस्तींचा वाटा किती हेही वेगळे काढता येणार नाही. परंतु तेव्हापासून कटिशूलाच्या प्रत्येक रुग्णास मी मल-मूत्र-निद्रेबरोबर तीन प्रश्न अधिक विचारतो : काय उचलता, किती उंचीवरून, आणि उचलताना कोणत्या बाजूस वळता. कागदावर त्याचे छोटे रेखाचित्रही काढून ठेवतो.

त्या फार्मसीत तैलाचे ड्रम मात्र अद्याप आडवे पाडून, लोटत नेतात. त्यासाठी ढकलगाडी घ्यावी की जमिनीचा उतार बदलावा, याविषयी मालकांचे व माझे एकमत झालेले नाही. भाची पुढील सुट्टीत येईल तेव्हा मोजपट्टी घेऊन पुन्हा जाण्याचे ठरले आहे.