वरोड्याची कोळशाची खाण

अंबाडीच्या परिसरात विहीर खणतांना काळाभोर दगड लागला, म्हणजे एखादा विद्यार्थी त्याचा तुकडा वर्गात घेऊन येतो व विचारतो, "मास्तर, हा कोळसा तर नव्हे?" तुकडा चुलीत टाकून पाहिला की उत्तर मिळते. आपल्याकडील हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या शिलारसाचा आहे. त्यात जळण्याजोगे काही नाही. कोळसा त्याहून कितीतरी जुना. तो पाहावयाचा तर पूर्वीच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात गेले पाहिजे.

तेथे वरोडा येथे इ. स. १८७१ मध्ये सरकारने खाण चालू केली. त्या काळी मुंबईकडील आगगाड्यांना विलायतेहून जहाजाने आलेला कोळसा लागे, व बंगालचा कोळसा दूर पडे. तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या मध्यावर निघालेल्या या कोळशाचे मोल सहज ध्यानात येईल. त्याच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटावरून सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग आणला गेला. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरास कापडगिरणी उघडली, तीही कापूस व वरोड्याचा कोळसा दोन्ही जवळ आहेत हे पाहूनच.

भूमिगत खाणीचे काम कसे चालते, हे मुलांनी नीट समजून घ्यावे. कोळशाच्या थरात वाटा खोदीत जातात, आणि वरचे छत पडू नये म्हणून मधून मधून कोळशाचेच खांब राखून ठेवितात. थर संपत आला म्हणजे मोह होतो तो या खांबांचा. ते काढावे तर वरची जमीन खचते. राखावे तर पुष्कळ कोळसा आतच राहतो. शिवाय या जातीचा कोळसा हवा लागून आपोआप तापतो व पेटतो. असल्या अंधारात मजुरांनी कुदळ चालविली. आणि त्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा हिंदुस्थानात झाला तो १९०१ साली, म्हणजे खाण सुरू झाल्यावर तीस वर्षांनी! हा विलंब मला तरी क्षम्य वाटत नाही.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०६ मध्ये, खाण बंद झाली. काढण्याजोगा साठा बहुतेक सरला होता. तिचे आयुष्य अवघे पस्तीस वर्षांचे. जर्मनीतील रूर खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धानंतर इंधनाच्या टंचाईपायी शेकडो चिमुकल्या खाणी निघाल्या व थोड्याच वर्षांत मिटल्या; त्यांच्या मानाने वरोडा दीर्घायुषीच म्हणावयाचा. त्या देशातील शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ साली बंद झाली.

वरोड्याचा कोळसा गेला, परंतु लोहमार्ग राहिला. तो पुढे बल्लारपुराकडे वाढविण्यात आला, आणि १९२९ साली काझीपेठपर्यंतचा दुवा पुरा झाल्यावर दिल्ली-मद्रास हमरस्त्याचाच भाग झाला. आज त्या वाटेने जाणारा उतारू खिडकीतून वरोड्याची पाटी वाचतो, आणि गाडी पुढे निघते.