जुना मुद्रक, नवा संगणक

डॉट मॅट्रिक्स मुद्रक जुना झाला, तरी पुष्कळदा धडधाकट असतो. त्याच्या ९ किंवा २४ सुया शाईच्या फितीवर आघात करतात. म्हणून कार्बन घातला असता पावतीच्या दोन प्रती एकदम उमटतात. लेझर मुद्रकास हे साधत नाही. परंतु नवा संगणक येताच हा मुद्रक मुका होतो. त्याची रुंद समांतर जोडणी नव्या संगणकास बहुधा नसते. तेथे १९९६ साली आलेली यूएसबी असते. दोहोंना जोडणारी तार मिळते. तथापि तारेने केवळ गाठ पडते, संभाषण होत नाही! त्यासाठी ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा हवा. आणि ३२ बिटी प्रणालीचा दुभाषा ६४ बिटी प्रणालीस चालत नाही. तेवढ्यावरून मुद्रक मोडीत काढण्याची घाई बरी नव्हे. अशा पुष्कळ यंत्रांना एप्सनची ‘ईएससी/पी’ ही आज्ञाभाषा कळते. त्याच भाषेचा सर्वसामान्य ड्रायव्हर निवडला, की सुया पुन्हा करकरू लागतात.