पाचारणाची पारख आणि आपले वाचन



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दारी दोन प्रकारची मुले येतात. काहींना दाखल्यावर सही हवी असते. काही मात्र पावसापाण्याचे, सोयाबीनचे बोलतात आणि उठून जाताना उंबऱ्यापाशी थांबतात. मागे एकदा अशीच एक मुलगी थांबली. म्हणाली, "फादर, मला सिस्टर व्हावंसं वाटतं. पण ते खरं आहे की नुसतंच वाटतंय, हे कसं ओळखायचं? एखादं पुस्तक आहे का?"

आम्ही लगेच कपाट उघडले आणि चार जाडजूड ग्रंथ तिच्या हाती दिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड! दोन महिन्यांनी पुस्तके परत आली ती तिच्या धाकट्या भावाच्या हाती. एकही पान उलटलेले दिसत नव्हते. ती स्वतः काही आली नाही. तिचा प्रश्न खरा होता, उत्तर देताना चूक आमची झाली. म्हणून आज जरा सावकाश लिहितो.

वाचनातून पाचारण ओळखणारा सर्वात प्रसिद्ध माणूस म्हणजे संत इग्नाती लोयोला. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी खाटेवर पडून असताना त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाली ती प्रभू येशूच्या जीवनावरील आणि संतांच्या चरित्रांची पुस्तके. वेळ जावा म्हणून ते वाचू लागले. कधी ते दरबार आणि पराक्रमाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संत फ्रान्सिस, संत डॉमिनिक यांच्यासारखे आपणही करावे असे मनात येई. दोन्ही विचार येताना गोडच वाटत. फरक नंतर जाणवे. पहिल्या विचारानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. हा फरक त्यांच्या लक्षात आला आणि पुढे त्यातूनच १५४८ साली पोप महोदयांनी मान्यता दिलेले 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक आकाराला आले.

तेव्हा पुस्तक वाचताना किती भरून आले, यावर फार भरवसा ठेवू नका. डोळ्यांत पाणी तर सिनेमा पाहूनही येते. वाचून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी कपाशी वेचताना किंवा खामगावच्या एस.टी.त उभे असताना, मनात काय उरले ते पाहा. आणि संत इग्नाती यांची आणखी एक सूचना लक्षात असू द्या: मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. घरात भांडण झाले म्हणून कॉन्व्हेंटची वाट धरू नये, आणि एक आठवडा प्रार्थना रुचली नाही म्हणून ती सोडूही नये.

सुरुवात पवित्र शास्त्रापासूनच करा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घ्या. देव हाक मारतो आणि मुलगा तीनदा चुकीच्या माणसाकडे धावत जातो. म्हातारा एलीसुद्धा तिसऱ्या वेळीच समजतो. मग मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील धनवान माणूस पाहा. तो भला होता, तरी खिन्न होऊन परत गेला. एवढे दोन उतारे महिनाभर पुरतात. शेगावला 'श्री गजानन विजय' ग्रंथाच्या पारायणाला बसणारे आपले शेजारी २१ अध्याय माहीत असूनही पुन्हा वाचतात. आपण मात्र शुभवर्तमान एकदा ऐकले की झाले असे समजतो.

चरित्रांपैकी दोन सुचवतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षक होते. त्यांना त्याच संघात जायचे होते, पण प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात पडले, त्यात यशही मिळाले. पुढे मनिलाला ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. एका दारावर नकार मिळाला म्हणजे पाचारणच नव्हते, असे मानणाऱ्यांनी हे चरित्र जरूर वाचावे. दुसरे, संत तेरेजा ऑफ लिझ्यू यांचे 'एका आत्म्याची कथा'. त्या १५ वर्षांच्या असताना १८८८ साली कार्मेल मठात गेल्या. सुरुवातीची पाने जरा गोडगोड वाटतील. तिथे थांबू नका.

आई-वडिलांसाठी आमची निवड काहींना विचित्र वाटेल: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लेखिका कॅथलिक नव्हत्या आणि विषयही पाचारणाचा नाही. पण १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे त्यात प्रांजळपणे आले आहे. एकाच्या निर्णयाची किंमत घरातले सगळे मोजतात, हे धर्मगुरूंनीही विसरू नये.

निकालानंतर वाटल्या जाणाऱ्या रंगीत पत्रकांबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. त्यात सगळेच हसत असतात. त्यापेक्षा १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात काय आहे ते ऐका. १७ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये रीतसर प्रवेश नाही. तो काळ किमान १२ महिन्यांचा. त्यानंतरची पहिली व्रते ठरावीक मुदतीची असतात, आणि कायमची व्रते २१ वर्षांच्या आत घेता येत नाहीत. बळजबरीने, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवणुकीने झालेला प्रवेश ग्राह्यच धरला जात नाही. आई नवस बोलली म्हणून कोणालाही जावे लागत नाही. फेडता न येणारे कर्ज डोक्यावर असणाऱ्यालाही घेऊ नये, असे तोच कायदा सांगतो. ज्याच्या नावावर पीककर्ज आहे त्याने ते लपवू नये. आधी आमच्याशी बोलावे.

वाचता वाचता एखाद्याला उमगेल की आपली वाट संसाराची आहे. त्याने ते अपयश मानू नये. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली 'भक्तिमय जीवनाची ओळख' हे पुस्तक प्रपंचातल्या माणसांसाठीच लिहिले. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे २०१९ चे 'क्रिस्तुस विवित' हे पत्र सर्वच तरुणांसाठी आहे. त्यातील आठवा आणि नववा अध्याय पुरे.

ही पुस्तके येत्या रविवारपासून साक्रिस्तीजवळच्या फळीवर ठेवत आहोत. नाव नोंदवायची गरज नाही. जी इंग्रजीत आहेत ती गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्ही थोडी थोडी मराठीत सांगू. पालकांनीही बसावे.

आणि उंबऱ्यापाशी थांबलेल्या त्या मुलीला: बाई, पुन्हा ये. या वेळी एकच पुस्तक देऊ, तेही पातळ.

तुमचे,
धर्मग्रामाचे फादर