आधी फरशी, मग बर्फ

फिगर स्केटिंग मोठेपणीही शिकता येतं गं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. मंडळाच्या हळदीकुंकवात तू मला हे इतक्या हळू आवाजात विचारलंस, की शेजारच्या काकूंना वाटलं आपण कुणाच्या सोयरिकीचं बोलतोय. त्या गर्दीत धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय.

चौतीस हे काही फार वय नाही. पण आठ वर्षांची पोर शिकते तसं तुला शिकता येणार नाही, हेही खरं. ती पडते, हसते, उठते. आपण पडायच्या आधी उद्याची मीटिंग, घरचा स्वयंपाक आणि ऑर्थोपेडिकचं बिल, सगळं डोळ्यांसमोर आणतो आणि मग अंग ताठ करून पडतो. मोठेपणी शिकणारीला आधी हा ताठरपणा घालवावा लागतो. तंत्र त्यानंतर येतं.

दुसरी गोष्ट लोकांची. शंकर नगरात पहाटे स्केट्स घालून निघालीस की मॉर्निंग वॉकवाले एक तरी अंकल थांबून विचारणारच, "बेटा, बच्चे को सिखा रही हो?" हो म्हणायचं आणि पुढे सरकायचं. समजावत बसू नकोस. थोड्या दिवसांत त्यांना तुझी सवय होते, मग तेच इतरांना सांगतात की ही आपल्या गल्लीतली.

आता मुख्य अडचण. आपल्या छत्तीसगडच्या रायपुरात फिगर स्केटिंग शिकता येईल असं बर्फाचं रिंक नाही. गंमत म्हणजे बर्फ आहे तो दुसऱ्या रायपुरात! देहरादूनच्या रायपूर भागात महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजात हिमाद्री नावाचं रिंक आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी ते बांधलं, मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅकची स्पर्धाही झाली. आपल्याला जरा सोयीचं म्हणजे गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमधलं आयस्केट, कारण माना विमानतळावरून दिल्लीचं विमान थेट मिळतं. सिमल्याचं रिंक तर 1920 पासूनचं, पण तिथे बर्फ यंत्राने करत नाहीत. संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं आणि रात्रीच्या थंडीवर सोडून द्यायचं. आभाळ आलं की बर्फ धरत नाही, सकाळचं सत्र रद्द. हौसेने एकदा जरूर जा, शिकण्यासाठी त्याच्यावर विसंबू नकोस. आणि कुठेही जाण्याआधी फोन करून वेळा विचार, कारण रिंक बंद असणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट.

म्हणून म्हणते, आधी चाकांवर शिक. बर्फाची ती स्वस्तातली नक्कल आहे असं समजू नकोस. रोलर स्केटिंगमध्ये आर्टिस्टिक नावाचा वेगळा प्रकार आहे; त्यात उड्या, गिरक्या, जोडीचं स्केटिंग सगळं असतं. 2010 च्या ग्वांगझू आशियाई खेळांत अनुप कुमार यामाने त्यात भारतासाठी एकेरीत कांस्य आणलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही. आपल्या पुण्याची श्रुती कोतवालही आधी चाकांवर होती, मग बर्फावर गेली. तिचा प्रकार वेगाचा, पण वाट हीच.

इथे दुकानात मात्र जपून. तू "स्केट्स दाखवा" म्हटलंस की दुकानदार एका रांगेत मोठी चाकं असलेले इनलाइन काढणार, कारण गल्लीतली मुलं तेच घालतात. ते वेगासाठी असतात. लांब फ्रेम, मोठी चाकं. त्यावर छोटं वळण घेताना घाम फुटतो. तुला हवेत क्वाड, म्हणजे पुढे दोन चाकं, मागे दोन, आणि चवड्याशी रबरी स्टॉपर. अंग एका बाजूला झुकवलं की क्वाडची चाकं त्या बाजूला वळतात, आणि फिगर स्केटिंगचा सगळा खेळ या झुकण्याचाच आहे. पुढे हात सैल झाला आणि बर्फाचं वेड टिकलं, तर पिक फ्रेम मागव. त्यात चाकं एका रांगेत असतात, पण मधली जरा खाली, म्हणजे बर्फाच्या ब्लेडसारखी गोलाई मिळते आणि पुढचा स्टॉपर ब्लेडच्या दात्यांचं काम करतो. चाकांवर 78ए, 95ए असे आकडे असतात तेही बघ. आकडा लहान तितकं चाक मऊ. बाहेरच्या खरबरीत रस्त्याला मऊ, आतल्या गुळगुळीत फरशीला कडक. बिल्डिंगच्या पार्किंगचं घोटीव काँक्रीट उत्तम. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारून ठेव, नंतर भांडण नको. आणि उन्हाळ्यात सकाळी आठनंतर बाहेर पडण्याचं नावही काढू नकोस, रायपूरचं ऊन तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

पण स्केट्स घ्यायच्याही आधी घरातली फरशी वापर. दूध तापायला ठेवलंस की ओट्याशी एका पायावर उभी राहा, अनवाणी. दुसरा पाय जरासा मागे, उभा गुडघा थोडा वाकलेला, नजर समोरच्या डब्यांवर. घोटा आत-बाहेर डुगडुगेल, तळव्यातल्या छोट्या स्नायूंना कळा लागतील. लागू देत. ओट्याला एक बोट टेकवलंस तरी चालेल, रेलायचं मात्र नाही. दूध वर यायच्या आत पाय बदल. हे जमायला लागलं की डोळे मिटून कर, मग कळेल आपण तोल किती डोळ्यांनी सांभाळतो. नंतर भिंतीला पाठ लावून गुडघे वाकव, पण कंबरेतून वाकू नकोस. आपल्या सगळ्याजणींची खोड तीच, गुडघा सरळ ठेवून कंबरेतून पुढे झुकायचं. स्केट्सवर तेच केलं की थेट तोंडावर.

पडण्याचीही तालीम गादीवर करून घे. तोल जातोय असं वाटलं की गुडघे आणखी वाकव, खाली हो, आणि बाजूच्या नितंबावर सरक. मागे हात टेकवायचे नाहीत. मोठ्या माणसांची मनगटं तिथेच मोडतात, पसरलेल्या हातावर सगळं वजन येऊन. चाकांवर मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घालायचंच, ते लहान मुलांचं म्हणून लाजू नकोस. बर्फावर हातमोजे घाल आणि पडलीस की मुठी मिट, कारण मागून येणाऱ्याच्या पायाखाली ब्लेड असतं. उठताना आधी गुडघ्यांवर ये, मग एक पाऊल पुढे ठेव, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाब आणि उभी राहा. गुडघ्याचं, पाठीचं काही जुनं दुखणं असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घे. आपण दिवसभर एसीत बसतो आणि ऊन म्हटलं की ओढणी डोक्यावर घेतो. हाडांनी तरी काय करावं?

आता बर्फाचं सांगते, कारण जीव तुझा तिथे अडकलाय.

फिगर स्केटचं ब्लेड साधारण चार मिलिमीटर रुंद असतं, पण खालून सपाट नसतं. मधोमध लांबच लांब पन्हळ काढलेली असते, त्यामुळे दोन्ही कडांना दोन धारा उभ्या राहतात. त्यांना सगळे एजच म्हणतात, आतली एज आणि बाहेरची एज. शिवाय ब्लेड टाचेपासून चवड्यापर्यंत किंचित गोल असतं, म्हणून एका वेळी त्याचा छोटासाच भाग बर्फाला टेकतो. सरळ उभी राहिलीस तर दोन्ही धारा टेकतात आणि तू सरळ जातेस. घोटा नव्हे, अख्खं अंग जरासं बाहेर झुकवलंस की बाहेरची एज धरते आणि पाय आपोआप कमान काढायला लागतो. ही कमान पहिल्यांदा धरली जाते ना, तेव्हा ब्लेडचा आवाज बदलतो. खरखर थांबते आणि एक बारीक, सलग, कापत गेल्याचा आवाज येतो. गुरुग्रामला मी तेवढ्यासाठी जाते.

मोबाइलवर तुला दिसतात त्या तीन गिरक्यांच्या उड्या या एजवरच उभ्या असतात. एक्सेल पुढे तोंड करून मारतात, बाहेरच्या एजवरून. साल्काव मागे जाताना आतल्या एजवरून. एज कच्ची असेल तर उडी म्हणजे नुसती धडपड. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. 1990 पर्यंत जागतिक स्पर्धांत आकृत्यांची वेगळी फेरी असायची. बर्फावर एका पायाने वर्तुळं जोडून आठ काढायचा, मग त्याच रेघेवरून पुन्हा, आणि पुन्हा. परीक्षक वाकून रेघ किती सरकली ते बघायचे. टीव्हीवर ते कंटाळवाणं दिसायचं म्हणून काढून टाकलं, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांचं त्यात नुकसान झालं. ठिपक्यांची रांगोळी न चुकता काढणाऱ्या बाईला जे जमतं ते हेच: घाई नाही, रेघ तुटू द्यायची नाही. तू पार्किंगमध्ये खडूने दोन वर्तुळं काढ आणि त्यावर चाकं ठेव. मी अजूनही तेच करते.

त्याच वर्तुळावर पुढे थ्री टर्न शिकशील. पुढे जाता जाता एकाच पायावर मागे तोंड करायचं, बर्फावर रेघ 3 च्या आकड्यासारखी उमटते. त्याची युक्ती पायात नाही, खांद्यात आहे. आधी खांदे वळतात, मग कंबर, शेवटी पाय. पाय आधी फिरवलास तर भिरकावली जाशील.

चाकांवरून बर्फावर जाताना दोन गोष्टी दगा देतात. एक थांबणं. चाकं आडवी घसरत नाहीत, ब्लेड घसरतं. बर्फावर दोन्ही पायांच्या टाचा बाहेर ढकलून ब्लेडने बर्फ खरवडायचा असतो, आणि ही गोष्ट फरशीवर शिकताच येत नाही. पहिला अर्धा तास तेवढ्याला दे. दुसरं म्हणजे पुढचे दाते. ते उडी मारण्यासाठी आहेत, ब्रेक म्हणून नाहीत. स्टॉपरची सवय असलेली चवड्यावर झुकते आणि दाता रुततो. वजन पायाच्या मधल्या भागावर, जरासं टाचेकडे ठेव. भाड्याचे स्केट्स बहुधा बोथट असतात. काउंटरवर स्पष्ट विचार की धार कधी लावली होती. विचारणाऱ्याला बरा जोड देतात. आणि कठड्याला धरून फेऱ्या मारू नकोस. कठडा धरला की अंग तिकडे कलतं, आणि सगळ्या उखडलेल्या बर्फाची रेव तिथेच साठलेली असते.

मॉलमधल्या प्रदर्शनात कधी कधी प्लॅस्टिकच्या फळ्यांचं रिंक लावतात. त्यावर ब्लेड लवकर बोथटतं आणि सरकायला दुप्पट जोर लागतो. लेकराला फिरवून आण, तू शिकायला जाऊ नकोस.

तू कपड्यांचंही विचारलं होतंस. अंगासरशी लेगिंग, वर कुडता मांडीपर्यंत, ओढणी घरी. बाईने काय घालावं यावर या खेळात फार डोकी तापलीत बरं. 1902 मध्ये लंडनला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा बायकांना बंदी नव्हती, कारण कुणी येईल असंच वाटलं नव्हतं. मॅज सायर्सने नाव घातलं आणि पुरुषांमध्ये दुसरी आली, ज्याच्या नावाची ती उडी त्या खुद्द साल्कावच्या मागोमाग. लगेच नियम आला, बायकांनी यायचं नाही. एक कारण काय, तर लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत! 1906 मध्ये बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती तिने जिंकली, आणि 1908 चं ऑलिम्पिक सुवर्णही.

उशिराचं म्हणशील तर लुडमिला बेलोउसोवा सोळाव्या वर्षी स्केटिंगला लागली. त्या खेळात हा म्हणजे फारच उशीर. नवऱ्याबरोबर, ओलेग प्रोटोपोपोवबरोबर, 1964 आणि 1968 ची ऑलिम्पिक सुवर्णं घेतली, आणि ती एकोणऐंशी वर्षांची असतानाही दोघं प्रेक्षकांसमोर बर्फावर उतरली होती. तुझी गाठ तिच्याशी नाही, घाबरू नकोस. तुझ्यासारख्यांसाठी जर्मनीत ओबर्स्टडोर्फला प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते, प्रवेश अठ्ठाविसाव्या वर्षापासून. म्हणजे तिथे तू तरुणांत मोडशील.

सराव आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नाही. थकलेला घोटा मुरगळतो. शिकवणारा शोधताना एवढंच बघ की तो मोठ्यांना मागे उभं करून मुलांकडे बघत तर नाही ना. तसं असलं तर फी परत मागायच्या भानगडीत न पडता दुसरा शोध.

बूट घेताना मला बरोबर ने. रोजच्या चपलेच्या मापाने घेशील तर पाय आत पोहेल. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघा वाकवल्यावर टाच जागची हलता कामा नये. लेस चवड्याशी सैल, घोट्याशी घट्ट, वरच्या हुकांना पुन्हा जरा सैल, नाहीतर गुडघा वाकायचाच नाही. मोजे पातळ आण. शनिवारी संध्याकाळी मोकळी आहे मी. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, माप तेव्हाच खरं मिळतं. आणि येताना पायाची नखं कापून ये.