किनवटचा पाचोळा आणि शिवारातला युरिया

विद्यार्थिनी : सर, आमच्या लातूर जिल्ह्यात एक टक्काही जंगल नाही. मग आमच्या शिवारातल्या युरियाचा जंगलाशी संबंध येतो कुठून?

सर : हवेतून. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नायट्रोजन असतो, आणि जगभरचा हिशेब पाहिला तर पिकाला घातलेल्यापैकी साधारण निम्माच पिकात उतरतो. आपली काळी जमीन चुनखडीची. तिच्यावर वरवर फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात भर घालतात. वारा नेईल तिकडे हे सारं जातं आणि पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली उतरतं. नांदेडमधलं किनवट-माहूरचं सागवानी जंगल शेतशिवारांच्या शेजारीच आहे.

विद्यार्थिनी : पण खत मिळालं तर झाडं जोमानं वाढतील, कार्बनही जास्त साठेल. त्याला प्रदूषण का म्हणायचं?

सर : आक्षेप रास्त आहे, आणि त्याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून जंगलाच्या काही तुकड्यांना दरवर्षी नायट्रोजन दिला गेला. वीस वर्षांनी तिथल्या मातीत कार्बन खरंच वाढलेला दिसला. मात्र बुरशा घटल्या होत्या आणि पाचोळा कुजणं मंदावलं होतं. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन फोडणं हे बुरशीचं फार कष्टाचं काम. त्यात अडकलेला नायट्रोजन मिळावा म्हणून ती ते करते. तो वरून आयता पडू लागला की लिग्निन फोडणारी विकरं ती कमी बनवते. झाडंही मुळांवरच्या सहजीवी बुरशीला साखर देताना हात आखडतात, कारण तिच्याकडून अन्न मिळवण्याची निकड उरत नाही. म्हणून त्या वाढलेल्या कार्बनला मी भरभराट म्हणणार नाही. मातीतलं काम थांबल्याची ती खूण आहे. त्याच प्रयोगात जास्त मात्रा दिलेल्या पाइनच्या तुकड्यात कितीतरी झाडं मेली.

विद्यार्थिनी : तरी तेवढा कार्बन हवेत गेला नाही, हे तर खरं ना?

सर : तिथं खरं. थंड, ओल्या जंगलात न कुजलेला थर वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. इथं सागाची पानं गळतात ती कोरड्या दिवसांत, आणि पावसाच्या आधी उन्हाळ्यातल्या वणव्यांचे दिवस येतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीतही मध्य भारतातल्या जंगलांत जुनी आहे. अशा ठिकाणी वर साचलेला पाचोळा म्हणजे सरपण. जो कार्बन कुजून, जिवाणू-बुरशींच्या शरीरातून जाऊन मातीच्या चिकण कणांना चिकटतो, तोच आगीपासून बराचसा वाचतो. आणि नेमकी तीच वाट जादा नायट्रोजन अडवू शकतो. शिवाय मातीतले काही जिवाणू त्या नायट्रोजनचा नायट्रस ऑक्साइड करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो.

विद्यार्थिनी : हार्वर्डची माती आम्ल, आपल्याकडची चुनखडीची. तिथला निष्कर्ष इथं कसा लावायचा?

सर : जसाच्या तसा लावूच नये. नायट्रोजनमुळे वाढणारी आम्लता तिथं मोठं नुकसान करते. चुनखडीची माती ती बराच काळ झेलेल. सागाच्या मुळांशी राहणारी बुरशीही पाइनच्या बुरशीहून वेगळ्या गटातली. पण आयता नायट्रोजन मिळाल्यावर लिग्निन फोडण्याचं काम मागं पडणं, हे केवळ आम्लतेमुळे घडत नाही. त्यामुळे किनवटमध्येच मोजायला हवं. जाळीच्या पिशव्यांत पाचोळा भरून सागाखाली ठेवायचा आणि दर काही महिन्यांनी वजन करायचं, ही साधी पद्धत आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ती सहज जमेल. शेतात मात्र त्या मोजणीची वाट पाहायचं कारण नाही. युरिया वाफशावर, मातीआड दिला तर उडणं तिथंच कमी होतं. आणि लातूरच्या शिवारात सगळीकडे सोयाबीन. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन स्वतःच धरतात. पेरणीच्या वेळी थोडं खत दिल्यावर त्या पिकाला पुन्हा युरिया फेकायची गरज बहुधा नसते.