संस्थेचे दप्तर कोणी सांभाळावे?

आपल्या भोर-वेल्हे भागातील बहुतेक संस्था लहान आहेत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि दहा-पंधरा धडपडे सभासद, एवढाच त्यांचा पसारा. दप्तरासाठी स्वतंत्र माणूस नेमावा काय, असा विषय सभेत निघाला की दोन उत्तरे येतात. ‘मूठभर कागदांना माणूस कशाला?’ हे एक आणि ‘पगारी कारकून ठेवा’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

प्रथम कागदाचे मोल पाहू. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भोर हे १९४८ पर्यंत संस्थान होते. त्या काळच्या कित्येक नोंदी मोडी लिपीत आहेत. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नोंद शोधताना विद्यार्थ्याची काय दमछाक होते, हे आपण जाणतोच. घरातला कागद हरवला तर एक घर अडते. संस्थेचा हरवला तर सारे सभासद अडतात.

कायदाही हेच सांगतो. १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला सभेची नोटीस, हजेरी आणि ठराव जोडावे लागतात. ते सापडले नाहीत तर निवडून आलेले कार्यकारी मंडळ कागदोपत्री जुनेच राहते आणि बँकेत सही अडते.

आता निर्णय कसा करावा? तीन प्रश्न विचारावेत. दप्तराला महिन्याकाठी किती तास लागतात? मागितलेला कागद पंधरा मिनिटांत मिळतो काय? चिटणीस बदलला तर दप्तर यादीवर सह्या होऊन पुढे जाते काय?

काम चार-सहा तासांचे असेल तर पगारी माणूस नको. परंतु पुढील दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ठराव करून एका सभासदाला दप्तरप्रमुख नेमलेच पाहिजे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते. वसतिगृह, शाळा, शासकीय अनुदान, नोकरांची सेवापुस्तके असा व्याप वाढला, तरच पूर्णवेळ माणूस लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे काम तेवढे मोठे होते. शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली, वसंत मून यांनी विशेष कार्य अधिकारी म्हणून ते काम वाहिले आणि १९७९ मध्ये पहिला खंड निघाला.

आपल्या दप्तरप्रमुखाचे काम साधे आहे. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकचा उतारा, इतिवृत्त, पावती पुस्तके व हिशेब तपासणीचे अहवाल यांची क्रमवार यादी करावी. निम्मे कागद मुंबईच्या मंडळाकडे आणि निम्मे गावी असतील, तर दोन्हीकडे एकच यादी ठेवावी. मूळ कागद कोणी नेला, हे वहीत सहीने लिहावे. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी लक्षात घेऊन पेटी भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावी. पावसाळ्यानंतर ती एकदा उघडून पाहावी. या कामात एखादा विद्यार्थी सोबतीला घ्यावा, म्हणजे पुढचा दप्तरप्रमुख आपोआप तयार होईल.

येत्या वार्षिक सभेत हे तीन प्रश्न जरूर विचारा. उत्तरे प्रामाणिक असली, की माणूस नेमावा की नाही हे सभाच ठरवील.