मोतीबिंदूनंतर कोणते भिंग बसवावे?

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्याचा सौदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल, की जाणता माणूस घोड्याला दोनदा पाहतो. आधी पन्नास पावलांवरून त्याची चाल, आणि मग तोंड उघडून हातभर अंतरावरून दात. दातांवरून वय ठरते व वयावरून किंमत. काही जण अंगावरचे भोवरेही तपासतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण भोवऱ्यापायी मोडलेले सौदे मी पाहिले आहेत.

घोड्यांचे असेच एक व्यापारी, वय पासष्टच्या पुढे, यंदा गणपतीच्या सुमारास मुलासह माझ्याकडे आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या यात्रेत त्यांनी नऊ वर्षांची घोडी पाच वर्षांची समजून घेतली आणि त्यात चांगलेच पैसे बुडाले. एवढे झाल्यावर घरच्यांनी डोळ्यांचे मनावर घेतले. मुलाच्या हातात एक कागद होता, त्यावर तीन भिंगांची नावे व तीन किमती. "डॉक्टरसाहेब, आबांना सगळ्यांत भारी भिंग टाका. पपईचे पैसे आले आहेत," मुलगा म्हणाला. आबा एवढेच बोलले, "माले घोडाना दात दिसाले जोयजेत."

माझ्या दृष्टीने निवडीला सुरुवात त्या कागदापासून नव्हे, आबांच्या वाक्यापासून झाली.

बाहुलीच्या मागे असलेले आपले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. औषधाच्या थेंबांनी तो विरघळत नाही. गढूळ भिंग काढावेच लागते. पूर्वी ते काढल्यावर काचेचा जाड चष्मा देत. त्यातून वस्तू सुमारे पाव हिश्श्याने मोठ्या दिसत, त्यामुळे पायरी उतरतानाही माणूस चाचपडे. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग ठेवण्याचा पहिला प्रयोग लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केला. महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण शिरून राहिले, तरी डोळा ते निमूट सोसतो, हे त्यांनी पाहिले होते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी करवून घेतले. भिंग डोळ्याने स्वीकारले, पण त्याचा नंबर मात्र फार चुकला आणि त्या रुग्णाला उणे नंबराचा जाड चष्मा लागला.

हा जुना किस्सा मी मुद्दाम सांगतो. भिंग कितीही उंची असो, डोळ्याचे माप चुकले तर पैसे पाण्यात. डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. म्हणून कोणत्या कंपनीचे भिंग, हे विचारण्याआधी माप कोणत्या यंत्राने व किती वेळा घेतले, हे विचारावे. हा प्रश्न मला आजवर फार थोड्यांनी विचारला आहे.

आता भिंगांच्या जाती. कडक भिंग घडी होत नाही, त्यामुळे त्याला सहा-सात मिलिमीटरचा छेद लागतो. घडीचे भिंग तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून आत जाऊन उलगडते, जखम लवकर भरते. मात्र कडक भिंग बसवले म्हणजे नजर कमी प्रतीची मिळाली, असे समजू नये. सरकारी शस्त्रक्रियेत भिंगाचे पैसे घेत नाहीत. खासगीत मात्र काही हजारांपासून एका डोळ्याला लाखाच्या घरापर्यंत सांगतात. देशी भिंगाला नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून भिंगे बनवते व ती परदेशातही जातात. परदेशी भिंगे गरिबाला परवडत नव्हती, ती अडचण अशा कारखान्यांनी दूर केली.

खरा फरक पडतो तो भिंग कुठल्या अंतरावर नेमके दाखवते यात. साधे, म्हणजे एकाच अंतराचे भिंग बहुधा लांबचे स्वच्छ दिसेल असे बसवतात. वाचायला चाळिशी लागते. बुबुळाच्या गोलाईत वाकडेपणा, म्हणजे तिरपा नंबर, बराच असेल तर टोरिक भिंगाचा खरा उपयोग होतो. तिसरे बहुअंतरी भिंग. लांबचे आणि जवळचे दोन्ही दिसते, चष्म्यापासून बरीच सुटका होते. पण ते आत येणारा प्रकाश वाटून देते, त्यामुळे अंधुक उजेडात नजर थोडी फिकी पडते व रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ट्रकचालकाला त्याच्या आग्रहावरून मी बहुअंतरी भिंग बसवले. तो शहादा-दोंडाईचा रस्त्याने रात्रीच्याच फेऱ्या करी, आणि हे मी विचारलेच नव्हते. समोरच्या गाडीचे दिवे त्याला फुलबाज्यांसारखे दिसू लागले. तक्त्यावरची शेवटची ओळ तो घडाघडा वाचे. कागदोपत्री शस्त्रक्रिया उत्तम. त्याला मात्र रात्रीची गाडी सोडावी लागली व कमाई घटली. तेव्हापासून रुग्णाला मी आधी विचारतो, दिवस कसा जातो आणि रात्र कशी जाते.

आबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह. दृष्टिपटलावर रक्तस्रावाचे बारीक ठिपके होते. अशा डोळ्यात प्रकाश वाटून देणारे भिंग टाकणे मला पटत नाही, कारण जो पडदा आधीच अधू आहे, त्याला मिळेल तेवढा सगळा प्रकाश हवा. मुलाला हे समजावताना वेळ गेला. स्वस्त भिंग सुचवणाऱ्या डॉक्टरवर लोकांचा विश्वास बसत नाही, हा आमच्या धंद्यातला जुनाच अनुभव. शेवटी घडीचे, एकाच अंतराचे, लांबच्या नजरेचे भिंग ठरले. दातांसाठी चाळिशी.

आबांना घाई यात्रेची होती. मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहू नये, हे खरे. फार पिकला तर तो कठीण होतो, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. पण ताज्या शस्त्रक्रियेनंतर घोडेबाजाराच्या धुळीत उभे राहणे त्याहून वाईट. साखर आटोक्यात आणून दसऱ्यानंतर लगेच उजवा डोळा केला. महिना-दीड महिना थेंब, नंतर नंबर काढून चाळिशी. दत्तजयंतीपर्यंत पुरेसा अवधी मिळाला.

भिंगाच्या डबीवर नंबर व अनुक्रमांकाचे चिकटपत्र असते. ते आपल्या कागदावर लावून मागावे व जपून ठेवावे. भिंग झिजत नाही, बदलावे लागत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर बहुधा भिंगामागची पातळ पिशवी गढूळलेली असते. लेसरने काही मिनिटांत ती मोकळी करता येते. "मोतीबिंदू परत आला" म्हणून घाबरून घरी बसू नये.

यंदाच्या यात्रेत मी आबांना पाहिले. चाळिशी दोरीने गळ्यात, हातात बॅटरी, एका घोडीचे तोंड उघडून उभे. मला पाहताच त्यांनी बाजूला घेतले. डावा डोळा थोडा जवळचा ठेवता येईल का, म्हणजे चष्मा चढवल्याशिवाय दात दिसतील? येतो. दोन डोळ्यांत एक-सव्वा नंबराचा फरक ठेवतात. पण काहींना त्यामुळे अंतराचा अंदाज कमी येतो आणि घोड्याची चाल पाहणाऱ्याला तो अंदाज हवा, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी घोडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बाजार उठल्यावर विचार करून सांगतो म्हणाले.